विसावा

वारकऱ्यांच्या बोलण्यात 'विसावा' हा शब्द फार सहज येतो, आणि ही सहजता त्याला चालण्यातून मिळालेली आहे. ज्ञानोबामाउलींची पालखी आळंदीहून निघते तेव्हा पुढच्या वाटेवर दुपारचा विसावा कुठे आणि रात्रीचा मुक्काम कुठे, हे सारे आधीच ठरलेले असते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते ही नावे वारीच्या घरांत पोराबाळांनाही पाठ असतात, आणि पुण्याला व सासवडला तर पालखी दोन दोन रात्री थांबते, वास्तविक तिथवर फारशी वाट सरलेली नसते आणि प्रत्येकाचे मन पंढरीकडे धावत असते. येथे आपण साधकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा विसावा थकल्यावर कुणी मागितलेला नाही, तो वाट आखतानाच आखलेला आहे. हैबतबाबांनी या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली तिच्या मुळाशी मनुष्यस्वभावाची खोल जाण होती: ओढ लागलेला माणूस स्वतः होऊन थांबत नाही, त्याला थांबवण्याची व्यवस्था त्याच्या बाहेर असावी लागते.

हा शब्द मनात धरून आपण बंगळूरच्या पूर्वेला, दक्षिण पिनाकिनीच्या परिसरातल्या होसकोट्याला जाऊ. हे गाव मराठी माणसाला परके नाही. आदिलशाहीने शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर दिली, तिच्यात बंगळूर, कोलार, दोड्डबल्लापूर, शिरे यांच्याबरोबर होसकोटेही होते. आणि ज्या रस्त्याला आपण पिढ्यानपिढ्या 'एनएच फोर' म्हणत आलो, तो पुण्याहून सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे करीत बंगळुरात शिरणारा महामार्ग पुढे होसकोट्यावरूनच कोलारकडे व मद्रासकडे जात असे. आता रस्त्यांचे क्रमांक बदलले, दाबसपेटहून दोड्डबल्लापूरमार्गे येणारा बाह्यवळण रस्ता झाला, चेन्नईचा द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो, आणि भोवतालच्या शेतांत मोठमोठी गोदामे उभी राहिली. शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, गोदामात गाडी आत घेण्याची पाळी असते, म्हणून ट्रक रस्त्याकडेला ओळीने उभे राहतात, आणि त्यांच्या पाट्यांवर कधी कोल्हापूरचा, कधी सांगलीचा, कधी कराडचा क्रमांक वाचायला मिळतो. पाहणाऱ्याला वाटावे, येथे तर विसावाच विसावा आहे. ते तसे का नाही, याचाच आपल्याला आज शांतपणे विचार करायचा आहे.

आपल्या देशाच्या कायद्याने या चालकांच्या विसाव्याचे माप पूर्वीच काढून ठेवले होते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी आधी परवानगी घेतली असेल तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. सलग ५ तासांहून अधिक काम नाही, त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती. काम सुरू झाल्यापासून ते संपेपर्यंतचा पसारा, मधल्या सुट्या धरून, १२ तासांच्या आत. एका दिवसाचे काम संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत किमान ९ तासांचे सलग अंतर. आणि सात दिवसांत एक पूर्ण दिवस सुटीचा. हे आकडे रुक्ष वाटतात, पण मला त्यांच्यात पालखीच्या मुक्कामांचीच दृष्टी दिसते, कारण येथेही विसावा वाटेच्या आधी आखलेला आहे. आणि या कायद्याची शब्दयोजना तर मनन करण्यासारखी आहे. मर्यादेपलीकडे चालकाकडून काम करवून घेता येणार नाही इतकेच सांगून तो थांबत नाही; त्याला तसे काम करू देताही येणार नाही, असे तो बजावतो. चालक स्वखुशीने म्हणाला की मी अजून चार तास चालवतो, तरी ती खुशी मालकाने स्वीकारायची नाही. ज्याला फेरीमागे भत्ता मिळतो, जितक्या फेऱ्या तितके पैसे घरी जातात, त्याची खुशी कशातून जन्मते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

आता त्या ओळीतल्या एखाद्या ट्रकजवळ आपण मनाने उभे राहू. पुण्याहून होसकोटे सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. भरलेल्या गाडीची घाट, नाके आणि गावे धरून ताशी चाळीसची सरासरी मानली तर चाकांचेच बावीस तास होतात, म्हणजे कायद्याच्या मापाने जवळजवळ तीन दिवसांचे काम. गंमत नव्हे, दुःख असे की मालाच्या कागदाला सरकारने याहूनही ऐसपैस वेळ दिला आहे: मालासोबत जे ई-वे बिल असते त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, म्हणजे या वाटेला पाच दिवसांची आहे. कागद पाच दिवस जिवंत राहतो, आणि माणसाने मात्र दीड-दोन दिवसांत पोहोचावे अशी अपेक्षा भाडे ठरवतानाच धरलेली असते. पोहोचल्यावर काय? पोहोचल्यावर फाटकापाशी नोंद, टोकन, आणि मग थांबणे. दोन तास, सहा तास, कधी अख्खा दिवस.

विसाव्याच्या शब्दाची एक नाजूक पाकळी येथे उलगडते. कायद्याने कामाच्या तासांची जी व्याख्या केली आहे, तिच्यात गाडी चालवण्याचा वेळ येतो, गाडीशी संबंधित जोडकामांचा वेळ येतो, आणि शेवटच्या ठिकाणी नुसते हजर राहण्याचा वेळ येतो तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. पंधरा मिनिटे ओलांडून थांबणे लांबले की ते या तिसऱ्या प्रकारात बसत नाही. या व्याख्येच्या आरंभी मात्र एक विशाल वाक्य आहे: ज्या वेळात कामगार मालकाच्या, किंवा त्याच्या सेवेवर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या कुणाच्याही, स्वाधीन असतो तो सारा वेळ कामाचा. माझे मत असे की या दोहोंपैकी हे आरंभीचे वाक्य व्याख्येचे हृदय आहे आणि पंधरा मिनिटांची अट ही तिची कडा आहे. कडेवरून हृदयाचा अर्थ लावू नये. फाटकाबाहेर सहा तास थांबलेला चालक कुणाच्या स्वाधीन असतो? टोकनाचा क्रमांक केव्हाही पुकारला जाईल, ओळ दोन गाड्यांनी पुढे सरकेल तेव्हा आपलीही पुढे घ्यावी लागेल, ताडपत्रीवर आणि डिझेलच्या टाकीवर लक्ष ठेवावे लागेल, आणि डोळा लागला तर पाळी जाईल. त्याचे पाय थांबलेले आहेत, पण कान थांबलेले नाहीत. ज्या थांबण्यात कान जागे ठेवावे लागतात, त्याला वाट पाहणे म्हणतात. विसावा म्हणजे आपला वेळ आपल्या हाती परत येणे, आता कुणी हाक मारणार नाही अशी खात्री असणे. आणि ही खात्री नसेल तर आडवे पडूनही माणूस कामावरच असतो.

वाहतूकदार मंडळी ताटकळलेल्या गाडीचे पैसे मागतात, त्याला 'हॉल्टिंग' म्हणतात. ते रास्तच आहे; गाडी उभी राहिली की मालकाचे हप्ते थांबत नाहीत. परंतु हॉल्टिंग गाडीचे धरले जाते आणि गाडीत बसलेल्या माणसाचे धरले जात नाही, ही गोष्ट मला अनेक वर्षे टोचत आली आहे.

शरीराच्या बाजूने या शब्दाकडे पाहिले तर गीतेचा सहावा अध्याय आठवतो. तेथे भगवंतांनी योग कुणाला साधतो हे सांगताना आहार, विहार आणि कर्म यांच्याबरोबर झोप आणि जागरण यांचेही माप सांगितले, आणि माउलींनी त्या मापाचा अर्थ प्राकृतात मोठ्या मायेने उलगडून ठेवला. जागरणाची अतिशयता साधकालाही वर्ज्य आहे, मग ज्याच्या हाती तीस-चाळीस टनांची गाडी आणि रस्त्यावरच्या अनोळखी जीवांचे प्राण आहेत त्याची काय कथा! आधुनिक शास्त्राने हेच मोजून दाखवले. ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांची सांगड, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्याकडे वाहनचालकाच्या रक्तात शंभर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, याहून अधिक मद्य सापडले तर तो गुन्हा आहे. दारूला नाक्यावर फुंकणी लावता येते. जागरणाला तशी फुंकणी नाही, म्हणूनच त्याला तासांचे कुंपण घालावे लागते. हातांची सांगड सुटल्याचे चालकाला कळेतो वेळ गेलेली असते, कारण झोप पहिल्यांदा स्वतःच्याच जाणिवेवर पांघरूण घालते.

आणि रात्रीच्या झोपेने सारे भरून येते असेही नाही. कित्येक दिवसांचा साचलेला शीण वेगळा असतो, आणि त्याचे ज्ञान आपल्या परंपरेत पंढरीइतके कुणाला असणार? आषाढी जवळ आली की विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढतात, देव अहोरात्र दर्शनाला उभा राहतो, शेजारती होत नाही. आणि यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजा करून देवाचा शीण घालवतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, रात्री काढा देतात, आणि मग पलंग आपल्या जागी परत येतो, नित्याचे उपचार सुरू होतात. अठ्ठावीस युगे विटेवर उभा असणारा देव थकतो, असे मानणाऱ्या समाजाच्या भक्तीला माझा दंडवत असो. या समाजाला हे सांगावे लागू नये की आठवड्याच्या शेवटी एक पूर्ण दिवस माणसाच्या अंगाला हवाच. कायद्यात सात दिवसांत एक सुटी आहे. सेवा खंडित होऊ नये म्हणून सुटीच्या दिवशीही बोलावता येते, पण कसेही झाले तरी सलग दहा दिवसांच्या पुढे नाही, मध्ये एक अखंड दिवस मोकळा हवा. त्या अखंड दिवसाला मी चालकाची प्रक्षाळपूजा समजतो. तो दिवस होसकोट्याच्या रस्त्याकडेला, केबिनमध्ये, उन्हात तापलेल्या पत्र्याखाली गेला, तर पूजा झाली असे म्हणता येईल काय? युरोपात चालकाला एरवी आठवड्याला ४५ तासांची सलग विश्रांती द्यावी लागते, आणि तेथील न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्णय दिला की ती विश्रांती ट्रकमध्ये घेतलेली चालणार नाही. २०२० पासून तर कामाची आखणी अशी करण्याचे बंधन मालकावर आले की दर चार आठवड्यांत चालकाला आपल्या घरी जाता यावे. पलंग शेजघरात परत आला पाहिजे, ही आपलीच भाषा ते त्यांच्या रीतीने बोलले.

आपल्या रीतीचा विषय निघाला म्हणून पोळ्याचे स्मरण होते. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, तुपाने-हळदीने मान चोळली जाते, आणि पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. या श्रद्धेला पुढे कायद्याचेही बळ मिळाले. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत दिवसाला एकूण ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांहून अधिक जनावराला जुंपू नये असे म्हटले आहे, आणि जिथे पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन मुळीच जुंपू नये असेही. बैल आणि माणूस यांना पाच तासांचे माप सारखेच मिळाले, याचे मला वाईट वाटत नाही. देह एकाच मातीचा आहे. फरक असा की बैल थकला की बसतो आणि मग आसूडही त्याला उठवू शकत नाही. माणूस थकला तरी बसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे मुलीच्या शाळेची फी असते आणि गावाकडचे कर्ज असते. माणसाचा विसावा बैलापेक्षाही परस्वाधीन आहे, तो त्याच्या स्वतःच्या आशेपासूनही राखावा लागतो.

राखावा लागतो, हा शब्द मी विचारपूर्वक वापरला, आणि त्यासाठी आपल्याला द्रोणपर्वापर्यंत जावे लागेल. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. सूर्य उतरू लागला आहे, जयद्रथ अजून दूर आहे, आणि रथाचे घोडे बाणांनी विंधलेले, तहानलेले, दमलेले आहेत. वेळेवर पोहोचण्याची याहून कठोर घडी कोणत्या वाटसरूवर आली असेल? आणि नेमक्या त्या घडीला रणांगणाच्या मध्यावर श्रीकृष्ण घोडे सोडतात. अंगातले बाण उपटतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात, लोळू देतात, चारा देतात, आणि ते ताजे झाल्यावर पुन्हा जुंपतात. जगाचा सारथी असा वागला, ही गोष्ट तर आपण सारेच जाणतो. पण त्या वेळी अर्जुन काय करीत होता हे आपण फारसे बोलत नाही. अर्जुन रथातून खाली उतरून, जमिनीवर पाय रोवून, चहूकडून येणारे सैन्य एकटा थोपवून उभा होता, आणि घोड्यांना पाणी हवे म्हणून त्याने बाणाने भूमी भेदून जलाशयही निर्माण केला. ज्याची प्रतिज्ञा होती, ज्याची घाई होती, ज्याचे प्राण पणाला लागले होते, त्यानेच विसाव्याची राखण केली. म्हणजे विसावा हा दमलेल्याने घ्यायचा नसून घाई असलेल्याने द्यायचा असतो. आणि ज्याचा माल, ज्याची मुदत, ज्याचे गोदाम, त्याला रथाखाली उतरावे लागते.

याच पर्वात, त्याच रात्री, आणखी एक प्रसंग आहे. जयद्रथ पडला तरी युद्ध थांबले नाही, मशालींच्या उजेडात ते चालू राहिले, घटोत्कच कामी आला, आणि मग दोन्हीकडचे योद्धे झोपेने इतके अंध झाले की आपले-परके कळेना. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने पुकारले की चंद्र उगवेपर्यंत सर्वांनी येथेच झोपावे; कौरवांच्या सैन्यानेही ते मानले, आणि रथांवर, हत्तींवर, उघड्या भूमीवर दोन्ही सेना निजल्या. एका सेनेने एकटीने झोपणे म्हणजे मरण होते, झोप मिळाली ती दोघींनी एकदम शस्त्रे खाली ठेवली म्हणून. वाहतुकीच्या धंद्यात नेमके हेच आहे. एखादा सज्जन मालक आपल्या चालकाला आठ तासांनंतर थांबवू लागला, तर त्याची गाडी तिसऱ्या दिवशी पोहोचते आणि दुसऱ्याची दुसऱ्या दिवशी. पुढची बिल्टी कुणाच्या हाती जाईल हे सांगायला नको. कोलारचा टोमॅटो असो की नाशिकचा कांदा, व्यापारी गाडी लवकर मागतो आणि कुणी तरी ती देतोच. म्हणून विसावा एकट्याच्या सद्‌गुणावर सोडता येत नाही, तो सर्वांवर एकदम लागू करणारा पुकारा लागतो, आणि कायद्याकडे मी त्या पुकाऱ्याच्या भावनेने पाहतो.

पण पुकारा सर्वांपर्यंत पोहोचला पाहिजे. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता, आणि ज्याच्या दारात एक-दोन गाड्या उभ्या असतात असे छोटे मालक आपल्या रस्त्यांवर फार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. तीत दिवसाचे आठ तास राहिले, सलग दहा दिवसांची हद्द राहिली, पंधरा मिनिटांचा उंबरठाही राहिला, मात्र पाचाच्या ठिकाणी दहा कामगारांची अट आली. मला हे पाऊल मागे गेलेले वाटते. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ मात्र कामगारांची संख्या विचारत नाही. मालवाहू वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या कोणाही माणसाच्या तासांना ते १९६१ च्याच मापाशी बांधते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला राज्यांच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवून हे तास प्रत्यक्षात आणण्याची वाट शोधायला सांगितले, म्हणजे शब्द जिवंत आहे आणि त्याला देह हवा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, हे चांगलेच झाले. होसकोट्याजवळच्या व्होल्वोच्या कारखान्यातून तशा केबिनचे ट्रक फार पूर्वीपासून बाहेर पडत आले आहेत. गार हवेने काम सुसह्य होते, त्याने तास मात्र कमी होत नाहीत.

देह कसा द्यावा, तर मला त्याचा आरंभ फाटकावरच दिसतो. होसकोट्याच्या कोणत्याही मोठ्या गोदामाच्या फाटकावर गाडी केव्हा आली आणि केव्हा बाहेर पडली हे मिनिटासह लिहिलेले असते, टोलनाक्यावर फास्टॅग वेळ टिपतो, मालाच्या कागदावर निघाल्याची तारीख असते. हे सारे आज मालासाठी लिहिले जाते. याच नोंदींत चालकाचे नाव, तो किती तास जागा आहे, आणि आत घेण्यापूर्वी त्याला किती वेळ ताटकळत ठेवले, इतके घालावे. ताटकळणे पंधरा मिनिटांच्या पुढे गेले की गोदामाने एक तर त्याला खाट, पाणी आणि अमुक वाजेपर्यंत बोलावणार नाही असा शब्द द्यावा, नाही तर तो वेळ कामाचा मानून त्याचा मोबदला द्यावा. आणि मर्यादा भरलेल्या चालकाला भरलेली गाडी देऊन परत पाठवताना त्या फाटकानेच विचारावे की याच्या विश्रांतीचे नऊ तास झाले का, नसतील तर दुसरा चालक कुठे आहे. गाडी अखंड पळवायचीच असेल तर हुबळीला किंवा चित्रदुर्गाला चालक बदलावा आणि पहिल्याने आपल्या घराकडे जाणारी गाडी घ्यावी. ही पद्धत देशात एका कंपनीने २०१४ नंतर बरीच वर्षे मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली आहे. खर्च वाढेल. तो भाड्यात धरावा, आणि भाडे देणाऱ्यांत, घरबसल्या वस्तू मागवणारे आपण सारेही आलो.